आज प्रार्थना नको, नुसती बस

पप्पांना नगरहून पुण्याच्या हॉस्पिटलात हलवलं तेव्हा त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. तिसऱ्या रात्री त्यांच्याजवळ थांबायची पाळी माझी होती. अकराच्या सुमाराला नर्स सलाइन बदलून गेली. मी नेहमीसारखी उशाशी उभी राहिले, त्यांच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या" एवढंच म्हटलं असेल, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई, आज प्रार्थना नको. नुसती बस."

मी स्टुलावर बसले. त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले. पण मला गप्प बसवेना. पाणी देऊ का, उशी सरळ करू का, डॉक्टर सकाळी काय म्हणाले, सगळं मी विचारून आणि सांगून टाकलं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिटले. पाचव्या दिवशी ते प्रभूमध्ये निजले. त्या रात्री त्यांना काहीतरी सांगायचं होतं, हे मला अगदी नक्की वाटतं. काय ते मला आता या जगात कळणार नाही.

मंडळीत माझी ओळखच प्रार्थनेमुळे होती. माहेर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. तिथे प्रार्थना पुस्तकातून वाचत नाहीत, मनातून करतात, आणि मुलांना लहानपणापासून तशी सवय लावतात. सातवीत असताना मी तरुण संघात पाच मिनिटं न अडखळता प्रार्थना केली होती, तेव्हा पप्पांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून पेढे आणायला नेलं होतं. लग्न होऊन पुण्याला पंचहौदात आले. इथली रीत वेगळी. पवित्र नाम देवालय १८८५ सालचं, अँग्लिकन वळणाचं. घंटेचा मनोरा देवालयाला न चिकटता बाजूला उभा आणि उपासना छापील क्रमाप्रमाणे. तरी महिला संघात, कुणाच्या घरी, बाराव्याला, साखरपुड्याला "तुम्हीच प्रार्थना करा, तुमची छान होते" असं मलाच म्हणायचे. बावीस वर्षं मी ती छान प्रार्थना करत आले.

पप्पा गेल्यावर ती थांबली. श्रद्धा गेली असं काही नाही. शब्द यायचे, पण ते बाहेर पडताना मला ऐकू येऊ लागले. "तुझी करुणा विपुल आहे" म्हणताना वाटायचं, हे वाक्य मी किती घरांत म्हटलंय! एकदा कुणाच्या तरी आजारपणात प्रार्थना करायला उभी राहिले आणि मधेच मनगटावर पप्पांची बोटं जाणवली. कशीबशी आमेन म्हणून घरी आले.

शाळेत माझ्याबरोबर वसईकडची एक कॅथलिक शिक्षिका आहे. डबा खाताना तिला हे सांगितलं. तिनं सल्ला दिला नाही, एक पत्ता दिला. नगर रोडला रामवाडीच्या बाजूला जेझुइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या संस्था आहेत. कॅथलिक धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून तिथे आली, ज्ञानदीप विद्यापीठही तिथेच. त्या भागात राहणाऱ्या एक वयस्क सिस्टर लोकांना प्रार्थनेबाबत मार्गदर्शन करतात, असं ती म्हणाली. घरी हे कळल्यावर चुलत सासूबाईंनी विचारलंच, "आपल्याकडे काय कमी आहे म्हणून कॅथलिकांकडे?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याही मनात होता. पण प्रभुभोजनाआधी, म्हणजे देवालयातल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीआधी, आपल्याकडे बायबलमधलं पौलाचं वचन वाचतात, करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय: माणसानं आधी आत्मपरीक्षण करावं आणि मग त्या भाकरीतून खावं. ते मी शेकडो वेळा ऐकलं होतं. परीक्षण करायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

सिस्टरांनी मला माझी गोष्ट सांगू दिली. पाऊण तास. मग म्हणाल्या, "आता काही दिवस देवाशी बोलू नका. रात्री पंधरा मिनिटं बसा आणि गेलेला दिवस त्याच्यासोबत पाहा. एवढंच."

याला जेझुइट परंपरेत परीक्षण म्हणतात. ते या संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्याकडून आलं. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्यांचा पाय मोडला. महिनोन् महिने घरी पडून राहावं लागलं आणि मन रमवायला दोनच गोष्टी होत्या: शूर सरदार होऊन एखाद्या थोर स्त्रीची मर्जी मिळवायची स्वप्नं, आणि ख्रिस्ताचं व संतांचं चरित्र. दोन्हींत ते तासन् तास रमत. पण त्यांना एक फरक जाणवला. सरदारकीची स्वप्नं चालू असताना गोड वाटत आणि सरली की मन कोरडं पडे. संतांचा विचार संपल्यावरही समाधान मागे राहत असे. सिस्टर म्हणाल्या, "जेवताना सगळंच चांगलं लागतं. हात धुतल्यावर तोंडात चव कसली राहते, ते बघायचं." पुढच्या साऱ्या गोष्टींपेक्षा मला हे एक वाक्य जास्त उपयोगी पडलं.

राखेच्या बुधवारी सुरुवात केली. त्या दिवशी लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू होतो. लेंटचे दिवस चाळीस म्हणतो, पण मधले रविवार धरले की ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस होतात. मी रविवारही धरले. ओटा पुसून झाला की दहा वाजता स्वयंपाकघरातला दिवा मालवायचा, मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायचा आणि गॅलरीच्या दाराशी खुर्ची घ्यायची. समोर गल्लीतला दिवा, खाली स्कूटर लावण्याचे आवाज. एक शंभर पानी वही घेतली आणि रोज तीनच ओळी लिहायच्या ठरवल्या.

पहिला आठवडा मी सरळ झोपून गेले. दुसऱ्या आठवड्यात जागी राहिले आणि तेव्हापासून बिघडलं. मागे पाहायचं म्हणजे चुका काढायच्या असं मी धरून चालले होते. शाळेत सहावीच्या मुलावर ओरडले. भाजीवालीशी दोन रुपयांवरून घासाघीस केली. नवरा बोलत असताना लक्ष दिलं नाही. रोज यादी, रोज पश्चात्ताप, रोज तीच शपथ. दहा दिवसांत मला रात्रीचे दहा वाजू नयेत असं वाटायला लागलं.

सिस्टरांनी वही वाचली नाही, बंदच ठेवली. "तुम्ही तिसरी पायरी सुरू केली, पहिल्या दोन सोडून." इग्नेशियस यांच्या क्रमात पहिलं येतं ते उपकारस्मरण. त्यानंतर प्रकाश मागायचा. मग दिवस तासातासानं बघायचा, मग क्षमा मागायची आणि शेवटी उद्याकडे वळायचं. उपकारस्मरण आधी का, तर आपल्यावर प्रेम करणाऱ्यासमोर आपण आपल्या खोडी दाखवू शकतो, परक्यापुढे फक्त लपवू शकतो.

"आणि झडती तुम्ही घेऊ नका," त्या म्हणाल्या. "त्याला घेऊ द्या." मी घरी जाऊन बायबलमधलं १३९वं स्तोत्र काढलं. तोंडपाठ होतं ते. पण या वेळी एक गोष्ट दिसली जी कधी दिसली नव्हती. शेवटी दावीद देवाला विनवतो, माझी झडती घे. आणि स्तोत्राची सुरुवातच आहे की तू माझी झडती घेतलेली आहेस, माझं उठणं-बसणं तुला ठाऊक आहे. म्हणजे देवाला नवीन काहीच कळणार नव्हतं. कळायचं होतं ते मला, आणि तेही त्याच्या शेजारी बसून. न्यायाधीशाच्या खुर्चीवर मीच बसले होते, आरोपीही मीच, आणि तिथे प्रभूला जागाच उरली नव्हती. लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला परूशी, धर्मनियम काटेकोर पाळणारा, मंदिरात उभा राहून स्वतःशीच प्रार्थना करतो. तो स्वतःचं कौतुक करत होता, मी स्वतःला झोडपत होते. पण दोघांच्याही तोंडी 'मी'च.

त्यानंतर आभारापासून सुरू केलं. आणि आभारही मला नीट मानता येत नव्हते. "आरोग्यासाठी, अन्नवस्त्रासाठी, कुटुंबासाठी" हे तर प्रार्थनेतले ठरलेले शब्द. सिस्टरांचा नियम होता, आजचंच आणि हातात धरता येईल असं. मग वहीत येऊ लागलं: मधल्या सुट्टीत मुलीनं दिलेली चिंच. स्वारगेटहून येताना बसमध्ये मला खिडकी देऊन उठलेला तरुण. मंडईतून आणलेला मोगरा. एकदा तर नुसतं, ओट्याचा गारवा. पाच मिनिटं यातच जायची आणि मन सैल व्हायचं. मग दिवस आपोआप उलगडायचा, माझ्याकडून ओढून काढावा लागायचा नाही.

चौथ्या आठवड्यात त्यांनी आणखी एक गोष्ट दिली. 'आध्यात्मिक साधना' या इग्नेशियस यांच्या पुस्तिकेत एक पद्धत आहे: एकच दोष निवडायचा. सकाळी त्यापासून जपायचं ठरवायचं, दुपारी आणि रात्री मोजायचं. वहीत प्रत्येक दिवसाच्या दोन रेघा, जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके. आणि चूक झाल्याक्षणी छातीवर हात ठेवायचा, चारचौघांतही, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. मी निवडलं, दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडणं.

पहिल्या दिवशी दुपारच्या डब्याआधी चौदा ठिपके. मी हादरले. मुलांचं उत्तर पुरं होऊ देत नव्हते, शिपायाचं वाक्य माझ्या वाक्यानं संपत होतं. मुख्याध्यापिकांना तर मी "हो हो" म्हणून गप्प करत होते. तिसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलीनं घाबरून विचारलं, "बाई, तुमच्या छातीत दुखतंय का?" तिचा चेहरा त्या रात्री आभारांत पहिला आला.

ठिपके कमी व्हायला वेळ लागला, पण त्याहून महत्त्वाचं वेगळं घडलं. मी का तोडते, हे दिसायला लागलं. समोरचा थांबला, श्वास घेतला, की त्या फटीत मला भीती वाटते. आता तो काय म्हणेल? मला झेपणार नाही असं काही? म्हणून मी ती फट भरून टाकते. एका रात्री हे पाहत असताना हॉस्पिटलची खोली समोर आली. पप्पा ओठ हलवतायत आणि मी विचारतेय, पाणी देऊ का. मग त्याही मागे जाऊन बावीस वर्षांच्या सगळ्या प्रार्थना दिसल्या, एकापाठोपाठ एक. कुठेही फट नाही. मी देवालाही बोलू दिलं नव्हतं. त्याचं वाक्य मीच संपवत आले होते, आणि शेवटी आमेनही मीच म्हणत होते.

त्या रात्री फार रडले. ते रडणं झोडपून घेतल्याचं नव्हतं, एवढं मला कळत होतं. हात धुतल्यावर मागे राहिलेली चव गोड होती.

त्यानंतर आठ-दहा दिवस काहीच नाही. पूर्ण कोरड. खुर्चीत बसायचं, गल्लीतला दिवा बघायचा, उठायचं. सोडून द्यावं असं तीनदा मनात आलं. इग्नेशियस यांचा यावर सरळ नियम आहे: मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. सिस्टरांनी तो सांगितला आणि आणखी एक विचारलं, जे मला फार मोलाचं वाटतं आणि असं बसू पाहणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी विचारावं: "कोरडं वाटतंय, की स्वतःचा तिरस्कार वाटतोय?" कोरड असेल तर बसत राहा. तिरस्कार वाढत असेल, रोज देव लांब गेल्यासारखा वाटत असेल, तर थांबा आणि माणसाशी बोला. आत्मपरीक्षण एकट्यानं, कुणाला न सांगता करू नये असं माझं स्पष्ट मत झालंय. माझ्यासारखी बोलकी बाईसुद्धा त्यात वाट चुकली होती.

पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी मी वही पहिल्यापासून वाचली. चाळीस दिवसांच्या तीन-तीन ओळी. शाळा होती, नवरा होता, मुलगा होता, चिंच देणारी मुलगी दोनदा. पप्पा जवळजवळ रोज. माझी धाकटी बहीण एकदाही नव्हती.

त्या चाळीस दिवसांत पप्पांच्या पेन्शनच्या कागदांसाठी मी तिच्याशी निदान सहा वेळा फोनवर बोलले होते. तिचा एकही फोन रात्रीच्या उजळणीत आला नव्हता. नजर तिथून घसरून जात होती. आमच्यात अबोला नव्हता, त्याहून वाईट होतं, कामापुरतं बोलणं. नगरला पप्पांना सात वर्षं तिनं सांभाळलं. मी पैसे पाठवायचे आणि फोनवर सूचना द्यायचे: मीठ कमी कर, फिरायला ने, डॉक्टर बदल. शेवटी पुण्याला आणायचं मीच ठरवलं, तिला विचारलं नाही, कळवलं. आणि "तू वेळेवर लक्ष दिलं असतंस तर" हे वाक्य मी अर्धंच बोलले होते. तिनं ते पूर्ण ऐकलं.

पुण्यात आल्यापासून दर रविवारी आम्ही देवालयात पापकबुली एकत्र म्हणतो. त्यात केलेल्या चुकांबरोबर, करायला हवं होतं ते न केल्याचीही कबुली आहे. तो भाग माझ्या तोंडून नेहमी पटकन जायचा. मी कुणाचं वाईट केलं नाही, या हिशेबात मी स्वतःला पास करत आले होते. बहिणीला सात वर्षांत एकदाही "तू दमलीस का गं?" असं विचारलं नाही, हे कुठल्याही ठिपक्यात येत नव्हतं. न केलेल्या गोष्टीला ठिपका कुठे द्यायचा?

प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय, वेदीजवळ अर्पण नेलं असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मला आता आठवलं होतं. बुधवारी शाळेतून रजा घेतली आणि वाकडेवाडीच्या स्टँडवरून सकाळची नगरची एसटी धरली. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर. रस्ताभर तिला काय म्हणायचं ते जुळवत होते, क्षमेची सुद्धा एक छान प्रार्थनाच तयार होत होती. सुप्याच्या पुढे लक्षात आलं आणि छातीवर हात ठेवला. ठरवलं, एकच वाक्य बोलायचं.

ती दारात धुणं वाळत घालत होती. "ताई? काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. तू किती दमली असशील, हे मी कधी विचारलंच नाही." ती तशीच उभी राहिली, हातात ओली चादर. मग म्हणाली, "चहा ठेवते."

चहा झाला तरी ती बोलली नाही. फट वाढत गेली. मी कपाची कड धरून बसले. पाच मिनिटं असतील, मला तास वाटला. मग ती बोलायला लागली आणि दीड तास बोलली. पप्पा रात्री तीनदा उठायचे ते. शेजारी लग्न असतानाही ती गेली नाही ते. माझा फोन आला की तिच्या पोटात गोळा यायचा ते. मधे दोन ठिकाणी ती चुकीचं सांगत होती, तारखा चुकत होत्या, आणि माझ्या जिभेवर दुरुस्ती आली होती. ती तिथेच राहिली. शेवटी ती म्हणाली, पप्पा पुण्याला जायच्या आदल्या रात्री तिच्याजवळ म्हणाले होते, "मोठीला सांग, मी तिच्यावर रागावलेलो नाही." तिनं ते मला सांगितलं नव्हतं. रागानं नाही सांगितलं, म्हणाली.

संध्याकाळी आम्ही दोघी कबरस्तानात गेलो. मातीवरचं गवत काढलं, मेणबत्ती वाऱ्यात टिकेना म्हणून तिनं ओंजळ धरली. निघताना ती सवयीनं म्हणाली, "ताई, प्रार्थना कर ना."

"तू कर."

"मला नाही येत."

मी गप्प राहिले. लांब कुठेतरी ट्रक जात होता. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग डोळे उघडेच ठेवून म्हणाली, "प्रभू, पप्पांचा चष्मा अजून खिडकीत आहे. तो काढायला मला जमत नाही. आणि ताई आली. आमेन."

माझ्या बहिणीला मोठ्यानं प्रार्थना करताना मी पहिल्यांदाच ऐकलं.